बिनटपाची अँबॅसिडर

बसलिंगप्पांना एका जागी बसलेलं लातुरात कुणी पाहिलं नव्हतं. गोलाईजवळ त्यांचं डाळमिलच्या पट्ट्यांचं आणि बेअरिंगांचं दुकान होतं. दुकानात पांढरी गादी होती, गादीवर लोड होता, लोडाला दर सोमवारी धुतलेला अभ्रा होता. पण त्या लोडाला टेकलेली पाठ कायम गिऱ्हाइकाची असायची. मालक दारात उभे. एक पाय पायरीवर, एक रस्त्यावर, आणि डोळे गोलाईला फुटणाऱ्या सगळ्या रस्त्यांवर एकदम. गिऱ्हाईक म्हणायचं, "अप्पा, बसा की." अप्पा म्हणायचे, "बसतो ना, हे एवढं बघून आलोच," आणि जे जायचे ते थेट जेवणाच्या वेळी घरी सापडायचे.

माणूस दिलदार, डोक्यानं तल्लख, हाताला कला असलेला. एकच खोड होती. कामाला हात घालताना त्यांच्याइतका उत्साही माणूस गावात नव्हता आणि काम संपत आलं की त्यांच्याइतका कंटाळलेला माणूस सापडत नव्हता. घराच्या वरच्या मजल्याचे चार खांब गजांचे झुबके बाहेर काढून आभाळाकडे बघत उभे होते. त्यांना दोऱ्या बांधून त्यांची बायको जगदेवी धुणं वाळत घालायची. पेटी ते पंचमापर्यंत शिकले होते. शेतात द्राक्षाचा मांडव होता, द्राक्षं नव्हती. एका साली त्या मांडवावर दोडके मात्र असे आले की पाहुणे बघायला यायचे.

जगदेवी शेजारणींना सांगायची, "लेकरं व्हायचं काम देवानं माझ्याकडं दिलं ते बरं केलं बाई. ह्यांच्याकडं असतं तर कमरेपर्यंतच झाली असती."

लातूर जिल्हा झाला त्या वर्षी ज्याला त्याला काही ना काही मिळालं. कुणाला नोकरी मिळाली, कुणाला कचेरीसमोर चहाचा गाडा लावायला जागा मिळाली, कुणाला नुसतंच 'जिल्ह्याच्या गावचे' म्हणून पाहुण्यांत छाती काढायला मिळाली. बसलिंगप्पांना कल्पना मिळाली.

"आता जिल्हा झाला," ते मस्तानभाईंना म्हणाले. मस्तानभाई म्हणजे दुकानासमोरचे वेल्डर, बसलिंगप्पांच्या निम्म्या कल्पनांचे साक्षीदार. "आता साहेब येणार, मंत्री येणार, सत्कार होणार, मिरवणुका निघणार. त्या कशातून काढणार?"

"जीप में से," मस्तानभाई डोळ्यांवरची काळी काच वर न करता म्हणाले.

"जीप! अरे, जीप ही जमीन मोजायला येणाऱ्यांची गाडी. जीपमधी माणूस उभा ऱ्हायला की जप्तीला आल्यासारखा दिसतो. मिरवणुकीला उघडी मोटार पाहिजे. मागं उंच आसन, आसनावर माणूस, दोन्हीकडून फुलं. आन लग्नसराईला नवरदेव. सगळ्या जिल्ह्यात अशी एक तरी गाडी हाय का?"

नव्हती. हा बसलिंगप्पांच्या दृष्टीनं निर्णायक मुद्दा होता.

नांदेडला विष्णुपुरीच्या धरणावर काम करणाऱ्या एका ठेकेदाराची जुनी अँबॅसिडर विकायला निघाली होती. सीटखालून अजून वाळू निघत होती, पण चारी दारं घट्ट लागत होती, टप शाबूत होता, दिवे दोन्ही जळत होते. बसलिंगप्पांनी ती स्वतः चालवत लातूरला आणली. गाडी पुरी होती, म्हणजे तिच्यात त्यांना करायला काहीच नव्हतं. त्यांनी आल्या आल्या ती चूक सुधारली.

"टप कापा," ते म्हणाले.

"सेठ, सोच लो. टप गाडी को पकडके रखता."

"टप ऊन अडवतो. दुसरं काही करत न्हाई. कापा तुम्ही."

मस्तानभाईंनी कापला. दुपारभर ठिणग्या उडाल्या, टप काढून भिंतीला उभा केला, आणि संध्याकाळी बसलिंगप्पांनी मोठ्या रुबाबात दार उघडलं. ते पुन्हा लागलं नाही. गाडी मधोमध खचली होती, जुन्या बाजेसारखी. पुढचं दार ढकलून लावलं की मागचं उघडायचं. मागचं लावलं की समोरच्या बाजूचं कुरकुरत बाहेर यायचं.

"मैं बोल्या था सेठ," मस्तानभाई म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

दारांचं नंतर बघू, असं ठरवून बसलिंगप्पांनी आसन घेतलं. सागवानी, उंच पाठीचं, हात टेकायला दांड्या, पाठीला आणि खाली जाड गादी, वर लाल मखमल. मागच्या सीटच्या जागी लोखंडी चौथरा करून त्यावर ते पक्कं बसवलं. त्यांच्या उभ्या आयुष्यात शेवटच्या खिळ्यापर्यंत पुरी झालेली ही पहिली वस्तू. मग रंग. डावी बाजू साईच्या रंगाची, चकचकीत. उजव्या बाजूला लाल अस्तर मारून झालं आणि पाऊस गेला.

गेला तो गेलाच. एक साल गेलं, दुसरंही तसंच. मंत्री आले, पण दुष्काळ बघायला आले, आणि खरोखरच जीपमधून आले. वाळलेल्या तुरीच्या शेतात कोण कुणावर फुलं उधळणार? लग्नं घरच्या घरी, देवळात, चार माणसांत व्हायला लागली. गाडी बसलिंगप्पांच्या अंगणात उभी राहिली. डावीकडून येणाऱ्याला वाटायचं, झाली की हो गाडी. उजवीकडून येणाऱ्याला वाटायचं, अरेरे, कुठं झाला अपघात?

गावात नळ चौथ्या-पाचव्या दिवशी यायला लागला. आला की घरातली सगळी भांडी, पातेली, पिंपं अंगणात यायची, आणि ती ठेवायला अंगणात एकच सपाट जागा होती. जगदेवीनं ड्रायव्हरच्या जागेवर दोन घागरी बसवल्या, पायापाशी कळशा, डिकीत पिंप. फक्त आसनावर तिनं काही ठेवलं नाही, कारण रोज संध्याकाळी तिथं बसलिंगप्पा बसायचे. हो, बसायचे. जगात त्यांचे पाय हलायचे थांबत ती एकच जागा होती. चहाचा कप दांडीवर ठेवून ते रिकाम्या अंगणाला हळूहळू मान लववायचे, दोन्हीकडे.

एके दिवशी जगदेवीनं चहा दिला नाही.

"गवंड्याला सांगितलंय. इथं हौद बांधणार. सोमवारी येतोय तो."

"सोमवारी? अगं पण गाडी—"

"गाडी असली तर गाडीच्या भवतीनं बांधंल. मला पाणी साठवायला जागा पाहिजे, मग ती हौदात असो न्हाई तर गाडीत. भंगारवाला आलता सकाळी. त्याला म्हणलं, सोमवारी ये."

भंगारवाला! बसलिंगप्पा चटका बसल्यासारखे आसनावरून उतरले. त्या घटकेपासून सोमवारपर्यंत त्यांना झोप अशी लागली नाही. दुकानातून घरी, घरातून मस्तानभाईंकडे, तिथून बसस्टँडवर, अशा त्यांच्या फेऱ्या चालू झाल्या. भेटेल त्याला ते सांगत होते, गाडी विकायची आहे. ऐकणाऱ्यांना वाटलं, माणसाला पैशाची नड आहे. नड वेगळीच होती. आपल्या हातून काही पुरं होत नाही, हे बसलिंगप्पांना ठाऊक नव्हतं असं नाही. गजांचे झुबके त्यांनाही रोज दिसायचे. पण खांब काही कुठं जाणार नव्हते. उद्या ना परवा मजला चढेल, असं म्हणता यायचं. गाडी भंगारात गेली की तसं म्हणायची सोय संपली. निदान ही एक गोष्ट कुणीतरी, कुणीही, पुरी करावी आणि रस्त्यावर काढावी, एवढंच त्यांना हवं होतं. म्हणून गिऱ्हाईक आलं की ते किंमत सांगायच्या आधी एक प्रश्न विचारत.

पहिला आला केरबा, औशाकडचा. त्यानं गाडीकडे बघितलंच नाही, वाकून गाडीखाली बघितलं.

"आख चांगला हाय, अप्पा."

"तू ती पुरी करणार का?"

"काय पुरी?"

"गाडी. दारं बसवून, रंग देऊन, रस्त्यावर काढणार का?"

"मला टायरगाडी करायचीय. आख आन चाकं न्हेतो. वरचं तुमचं तुम्हाला ऱ्हाऊ द्या. कोंबड्या डालायला लई झ्याक हाय."

बसलिंगप्पांनी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि त्या साली लातुरात याहून मोठा अपमान नव्हता. दुसऱ्याला विहिरीवर लावायला इंजिन हवं होतं. "विहिरीला पाणी हाय का?" असं बसलिंगप्पांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "इंजिन तर येऊ द्या." त्यालाही त्यांनी वाटेला लावलं.

"अवो, घेतेत तर देऊन टाका की," जगदेवी कपाळाला हात लावून म्हणाली. "गाडीची सोयरीक करून राहिलाव का?"

रविवारी, ऊन चढल्यावर, दारात जीप थांबली. तिच्यातून भरदार मिशांचे एक गृहस्थ उतरले, आणि त्यांनी हात देऊन एका म्हातारीला उतरवलं. उदगीरचे आडत व्यापारी गुरुपादप्पा आणि त्यांच्या आई गंगम्मा. म्हातारी मूठभर होती. कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, गळ्यात चांदीची लिंगाची डबी, हातात काठी. पण काठी टेकायला नव्हती, दाखवायला होती.

"हीच का?" काठी दाखवत तिनं विचारलं. ती डावीकडून आली होती, हे नशीब.

"हीच, अव्वा," बसलिंगप्पा पुढे धावले. घागरी त्यांनी आधीच उतरवून ठेवल्या होत्या. "इंजिन बघा—"

"इंजिन त्याला दाव. मला वर चढव."

जगदेवीनं स्टूल आणलं. गुरुपादप्पांनी आईला उचललं आणि आसनावर ठेवलं. गंगम्मानं पाय वर घेतले, मांडी घातली, पाठ टेकवली, डोळे मिटले. बसलिंगप्पांचं काळीज हरखलं. दोन वर्षांत त्या आसनावर त्यांच्याशिवाय कुणी असं मन लावून बसलं नव्हतं. नातीचं लग्न असणार, त्यांनी ताडलं. मोठं घर दिसतंय.

"पाठीला बरं वाटतंय ना अव्वा? चार तास बसलं तरी कळ लागत न्हाई. मी स्वतः बसून बघितलंय."

"तू बसलास?" म्हातारीनं एक डोळा उघडला.

"रोज बसतो."

"रोज!" ती खुदकन हसली. "गुरुपाद, ऐकलंस का? ह्यो रोज बसतो म्हणं. बरं, मान कुठं टेकती?"

"मान? मान मोकळीच बरी की. दोन्हीकडं नमस्कार करायला—"

"मी कुणाला नमस्कार करणार न्हाई. बाकीचे मला करतील. मान मागं टेकली पाहिजे, हालली नाही पाहिजे. हितं एक फळी लाव. आन कमरेला बांधायला मागं जागा हाय का?"

"बांधायला? हार बांधायला का?"

"मला बांधायला."

बसलिंगप्पांनी गुरुपादप्पांकडे बघितलं. गुरुपादप्पा रेडिएटरकडे बघत होते, कान लाल झालेले.

"गाडी हळू किती चालती?" म्हातारीनं विचारलं.

"हळू? अव्वा, पळती किती ते विचारा! नांदेडहून येताना—"

"पळून कुठं जायचंय मला? पुढं भजनवाले चालणार, मागं लेकीसुना. त्यांच्या पावलानं चालली पाहिजे. चढायला हे दार कशाला ठेवलंस?"

"उतरायला पण तेच की, अव्वा."

"मी उतरत नसते," गंगम्मा म्हणाली. "मला उचलतेत."

जगदेवीच्या आधी ध्यानात आलं. तिनं पदर सावरला आणि पुढे होऊन म्हातारीच्या पायांना हात लावला. मग बसलिंगप्पांना उमगलं. त्यांच्या लिंगायतांत माणूस गेला की आडवा नेत नाहीत; अंघोळ घालून, विभूती लावून, मांडी घालून बसवतात, आणि फुलांनी सजवलेल्या विमानात, म्हणजे खांद्यावरच्या मखरात, बसवूनच पुरायच्या जागेपर्यंत नेतात. हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं. आपण दोन वर्षं संध्याकाळचा चहा कुठं बसून घेत होतो, हे मात्र त्यांना आत्ता कळलं, आणि त्यांचे पाय हलायला लागले.

"अव्वाच्या डोक्यात बसलंय हे," गुरुपादप्पा हलक्या आवाजात म्हणाले. "आमचे वडील गेले तेव्हापासून."

"तू गप. मी सांगते." गंगम्मा आसनावरूनच बोलायला लागली, सभेत बोलल्यासारखी. "ह्याचा बाप जन्मभर ताठ बसला. पानाची पिंक टाकायला सुदिक वाकला न्हाई कधी. गेला, विमानात बसवला, आन उचलायला कोण? जवान पोरं सगळी पुण्याला, हैद्राबादला. घरात ऱ्हायलेली चौघं. पुढं दोन उंच, मागं दोन बुटकी. निघाले. दर वळणाला म्हातारा पुढच्याच्या कानात कायतरी सांगायला वाकल्यावानी वाकायचा. उन्हानं त्यांचं हाल झालं, दोनदा खाली ठेवला. दुसऱ्यांदा ठेवला तर पटका डोळ्यांवर आला. सगळं गाव बघून राहिलं होतं." ती थांबली. "मी दारातून बघितलं. माझ्या जिवाला ते लागून ऱ्हायलंय. मला ताठ जायचंय, बाबा. बास."

"पण अव्वा," बसलिंगप्पा म्हणाले, "ही गाडी वरातीची..."

"मग माझी ही वरात न्हाई का? पहिल्या वरातीला मी पाच वर्साची होते. बापाच्या खांद्यावर झोपून गेले. काय वाजवलं, काय उडवलं, काही बघितलं न्हाई. ही दुसरी तरी नीट होऊ दे."

बसलिंगप्पांनी अंगणात दोन चकरा मारल्या. मग उजव्या बाजूनं तिसरी. मंत्री, साहेब, नवरदेव, सगळे त्यांच्या डोळ्यांपुढून एकेक करून उतरून गेले. केरबा आख काढून टायरगाडी करणार होता, दुसरा पाण्याविना विहिरीवर इंजिन फटफटवणार होता, उद्या भंगारवाला हातोडा घेऊन येणार होता. गाडी गाडी म्हणून चालावी असं वाटणारं एकच माणूस भेटलं होतं, आणि ते असं.

त्यांनी आपला प्रश्न विचारला. "अव्वा, तुम्ही ती पुरी करणार का?"

"तुला किती दिवस लागतील?"

"मला? दारं... उजवा रंग... पुढची काच... तीन-चार महिने तर—"

जगदेवी पदर तोंडाला लावून हसली. म्हातारीनं ते बघितलं आणि तिला सगळं कळलं.

"अर्धीच दे," ती म्हणाली. "तू पुरी करशील तवर मी ऱ्हाईन का?"

व्यवहार उभ्या उभ्याच झाला. गुरुपादप्पांनी सांगितलेल्या आकड्याला बसलिंगप्पांनी नुसती मान हलवली, आणि सोमवारी गवंडी आला तेव्हा अंगण मोकळं होतं.

पण बसलिंगप्पा मोकळे झाले नव्हते. दुसऱ्याच आठवड्यात ते एसटीनं उदगीरला. 'इकडं वसुलीला आलतो' असं म्हणाले. गुरुपादप्पांनी खरं मानल्यासारखं केलं. नंतर अव्वाला बांधायचा पट्टा द्यायला, मग नुसतेच. प्रत्येक वेळी तिथल्या मिस्त्रीनं गाडीचं काम थोडं पुढे नेलेलं असायचं, आणि आनंद व्हायच्या जागी बसलिंगप्पा आधी ओसरीवर गंगम्मा आहे ना ते बघून यायचे. उजवी बाजू डावीसारखी झाली. काच बसली. एकदा गेले तर गाडीची कंबर सरळ. खाली जॅक लावून खचलेला सांगाडा वर उचलला होता आणि चारी दारं कायमची वेल्ड करून टाकली होती.

"दारंच बंद केली?" बसलिंगप्पा किंचाळलेच.

"अव्वानं सांगितलं," गुरुपादप्पा म्हणाले. "म्हणाली, मी काय मधी उतरणार हाय का?"

दारं बंद झाली तशी गाडी आवळून धरल्यासारखी ताठ उभी होती. बसलिंगप्पांनी चहूबाजूंनी फिरून बघितलं. इतका साधा उपाय आपल्याला का सुचला नाही? कारण त्यांच्या मनातली माणसं कायम गाडीतून उतरत होती, हार सावरत, हात जोडत.

"चालवणार कोण?" त्यांनी विचारलं.

"तूच," ओसरीवरून गंगम्मा म्हणाली. "ह्या गाडीचा क्लच तुझ्याशिवाय कुणाला उमगत न्हाई. आन तू तसा बी घरी बसत न्हाईस."

झालं! बसलिंगप्पांची तालीम सुरू झाली. म्हातारी आसनावर मांडी घालून, मागं फळीला मान टेकून, आणि हे कापलेल्या काठावरून पाय टाकून पुढे. पहिल्या दिवशी त्यांनी दुसरा गिअर टाकला तर मागून काठी खांद्यावर आली.

"अव्वा, याहून हळू गाडी जात न्हाई."

"गाडी जाती. तू जात न्हाईस."

देवळापर्यंत आणि परत. बाजारातली माणसं आधी दचकली, मग कुणी हात जोडले, कुणी हळूच विचारलं, "हाय का गेली?" गंगम्मा वरून ओरडायची, "हाय! आजूक हाय!" बसलिंगप्पांचा डावा पाय क्लचवर थरथरायचा, कपाळावर घाम. माणसांच्या पावलानं चालणं ही केवढी कठीण गोष्ट आहे, हे त्यांना या वयात कळत होतं. खड्डा आला की आरशात बघायचं, म्हातारीची मान कशी आहे. हलली की म्हातारी म्हणायची, "पडला पटका डोळ्यांवर." पुन्हा सुरुवातीपासून.

ज्येष्ठाच्या सुरुवातीला उदगीरच्या एसटीच्या कंडक्टरनं दुकानात निरोप आणला. गंगम्मा पहाटे गेली. कुणाला हाक न मारता, झोपेत.

बसलिंगप्पा तसेच निघाले. दुकान जगदेवीच्या भावानं बंद केलं.

उदगीरला पोचले तेव्हा गाडी दारात उभी होती, शेवंतीनं आणि बेलानं मढलेली. उधळायला मिळालेली फुलं बेताचीच होती. त्या साली फुलंसुद्धा लांबून आणावी लागत. गंगम्मा आसनावर बसली होती, पांढऱ्या लुगड्यात, कपाळभर विभूती, फळीला मान टेकून. तिला उचलून ठेवायला दारं आड आली नव्हती की टप आड आला नव्हता. बसलिंगप्पांनी पायांना हात लावला, काठावरून पाय टाकला आणि गाडी सुरू केली.

पुढे भजन, मागे बाया. पहिला गिअर. ऊन असं की रस्त्याचं डांबर चाकांना धरत होतं. बसलिंगप्पांचा पाय थरथरला नाही. एक वळण झालं, दुसरं झालं. आरशात पांढरी हनुवटी जागच्या जागी. चौबाऱ्याच्या चौकाजवळ आले आणि बॉनेटमधून शीळ वाजल्यासारखी वाफ निघायला लागली.

इतक्या उन्हात, इतका वेळ, इतक्या हळू. तालमीत देवळाच्या पलीकडे कधी ते गेलेच नव्हते. इंजिनाच्या तापमानाचा काटा टोकाला टेकला होता. त्यांनी गाडी थांबवली.

"काय झालं?" गुरुपादप्पा घामेजलेले पुढे आले.

"तापली. पाणी पाहिजे. अजून एक फर्लांग जरी चालवली तर इंजिन जागेवर धरंल."

मागून कुणीतरी म्हणालं, "उचला आता. आसनासकट उचलू. पोरांनो, या रे." चार-पाच जण पुढे सरसावले. एक उंच होता, दोन बुटके.

"कुणी हात लावायचा न्हाई!" बसलिंगप्पा ओरडले. आयुष्यात ते कुणावर इतक्या जोरात ओरडले नव्हते. भजन थांबलं. "खाली ठेवायचं न्हाई अव्वाला. पाणी आणा कुणीतरी. तुमी भजन चालू ठेवा."

पाणी आणा म्हणणं सोपं होतं. उदगीरलाही टँकर दोन दिवसांआड यायचा, आणि ज्या घरांसमोर गाडी थांबली होती त्या घरांतल्या बायकांनी सकाळपासून रांगेत उभं राहून एकेक घागर घरात नेली होती. सगळ्या दारात उभ्या होत्या, गंगम्माकडे बघत. हलत कुणीच नव्हतं. मग एक जण, अंगावर लेकरू घेतलेली, आत गेली आणि तांब्या भरून आली. तिनं तो गाडीपाशी आणून गंगम्माच्या दिशेनं एकदा वर धरला आणि मग बसलिंगप्पांच्या हातात दिला.

"अव्वानं माझं बाळंतपण केलतं," ती म्हणाली.

त्यानंतर दारोदारून तांबे यायला लागले. कुणाचा भरलेला, कुणाचा अर्धा. बसलिंगप्पांनी ओलं फडकं टाकून रेडिएटरचं झाकण जरा जरा सैल केलं. उकळलेल्या इंजिनात पाणी घाईनं ओतायचं नसतं, थांबायचं असतं. ते थांबले. भजनवाले उभ्या उभ्याच गात होते, ऊन डोक्यावर होतं, सगळं गाव त्यांच्या हाताकडे बघत होतं, आणि बसलिंगप्पा हातात तांब्या धरून, दोन्ही पाय जमिनीला टेकून, वाफ निवण्याची वाट बघत उभे होते. मग थेंब थेंब करत त्यांनी ओतायला सुरुवात केली. शेवटच्या तांब्यातलं तळाशी उरलेलं पाणी त्यांनी सांडू दिलं नाही. ज्या बाईचा तांब्या होता तिला परत दिलं.

गाडी पहिल्याच झटक्याला सुरू झाली. बसलिंगप्पांनी ती पावलांवर लावली.

मातीपर्यंत पुन्हा कुठं थांबावं लागलं नाही. स्वामींनी विधी केले, गंगम्माला आसनावरून उचलून खणलेल्या जागेत बसवलं, सगळ्यांनी बेलाची पानं वाहिली, ओंजळ ओंजळ माती लोटली. माणसं पांगायला लागली. बसलिंगप्पा गाडीपाशी आले आणि सवयीनं चहूबाजूंनी फिरून बघायला लागले, काय काय राहिलंय ते.

गुरुपादप्पा जवळ येऊन उभे राहिले. मग उपरण्यानं तोंड पुसून म्हणाले, "अप्पा, मी सगळी वाट मान बघत होतो. हालली न्हाई."

"चौबाऱ्याच्या पुढं एक खड्डा होता..."

"न्हाई हालली."

बसलिंगप्पांनी मान हलवली. मग काठावरून पाय टाकून आत गेले, गाडी वळवली आणि रिकामं आसन घेऊन गावाकडे निघाले, पहिल्याच गिअरमध्ये. मागून चालत येणाऱ्या पोरांनी हाका मारल्या, "अप्पा, आता पळवा की!" पण मागे बाया अजून चालत येत होत्या, आणि त्यांना मागे टाकून पुढे जावं असं काही बसलिंगप्पांना वाटलं नाही.